आपल्या व्हिडिओची डीव्हीडी घरच्या घरी

मुंजीचे शूटिंग फोनमध्ये असते आणि ते गावाकडच्या आजी-आजोबांना दाखवायचे असते. त्यांच्याकडे टीव्ही आहे, टीव्हीखाली डीव्हीडी प्लेअर आहे आणि त्याचा रिमोट त्यांच्या सवयीचा आहे. म्हणून आपण फाइल डिस्कवर कॉपी करतो, कुणाबरोबर तरी पाठवून देतो, आणि दोन दिवसांनी तिकडून फोन येतो: ‘‘चालत नाही रे, ‘नो डिस्क’ दाखवतंय.’’

बहुतेक वेळा डिस्क चांगली असते आणि प्लेअरही चांगला असतो. राहिलेले असते ते मधले काम. डीव्हीडी प्लेअर म्हणजे संगणक नव्हे. १९९६ साली बाजारात आलेल्या या तंत्राचे नियम तेव्हाच ठरले, आणि त्या नियमांप्रमाणे लिहिलेली डिस्कच प्लेअर ओळखतो. चित्र एमपेग-२ पद्धतीने आवळलेले हवे, चौकटीचा आकार ठरलेला हवा, आवाज ठरावीक प्रकारचा हवा आणि हे सगळे ठरावीक नावाच्या फोल्डरात हवे. आपल्या फोनमधली फाइल या नियमांत बसत नाही. ती बसवणे एवढेच आपले काम आहे, आणि घरच्या संगणकावर मोफत सॉफ्टवेअर वापरून ते नीट होते.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्या. ज्यांच्यासाठी डिस्क करायची त्यांच्या टीव्हीला मागे किंवा बाजूला यूएसबीची खाच आहे का? असेल आणि त्यात पेनड्राइव्ह लावून व्हिडिओ चालत असेल, तर डीव्हीडीच्या खटाटोपात पडू नका. पेनड्राइव्हवर चित्र जास्त स्वच्छ दिसते आणि कामही दहा मिनिटांत उरकते. जिथे प्लेअरच आहे, किंवा पाहणाऱ्याच्या सवयीचा तोच आहे, तिथे मात्र पुढचे सगळे उपयोगी पडेल.

लागणारे सामान थोडे आहे. संगणक, डीव्हीडी राइटर आणि कोऱ्या डिस्क. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये राइटर नसतो. यूएसबीने जोडायचा बाहेरचा राइटर घ्यावा लागतो. तो लॅपटॉपच्या खाचेतच थेट लावा. एका खाचेच्या चार करणाऱ्या हबमध्ये लावला तर त्याला पुरेशी वीज मिळत नाही, आणि डिस्क निम्मी लिहून झाल्यावर काम बंद पडते. हार्ड डिस्कवर निदान २५ जीबी जागा मोकळी ठेवा, कारण मूळ फाइल, मधली फाइल आणि शेवटची डिस्कची प्रत या तिन्ही काही काळ एकत्र राहतात.

सॉफ्टवेअर चार आहेत आणि चारही मोफत मिळतात. डीव्हीडीस्टायलर हे मुख्य. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. इमगबर्न हे विंडोजवर डिस्क लिहिण्यासाठी. हँडब्रेक हे अडचणीच्या फाइली सरळ करण्यासाठी. व्हीएलसी हे तपासणीसाठी. हँडब्रेकच्या नावाने पुष्कळांची फसगत होते: ते डीव्हीडीवरून फाइल करते, फाइलवरून डीव्हीडी करत नाही. त्याचे काम इथे फक्त पूर्वतयारीचे आहे. सॉफ्टवेअर त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच उतरवून घ्या आणि इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचून पुढे जा. मोफत सॉफ्टवेअरबरोबर नको असलेले आणखी काही आत शिरू पाहते. त्याच्या पुढची टिकली काढून टाकली की झाले.

आता पहिली पायरी, मूळ चित्रण गोळा करण्याची. इथे घाई करू नका, कारण डिस्कचा दर्जा निम्मा इथेच ठरतो. घरच्या ग्रुपवर आलेले व्हिडिओ वापरू नका. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ पाठवताना तो बराच आवळते. फोनच्या छोट्या पडद्यावर ते कळत नाही, पण टीव्हीवर चेहऱ्यांच्या जागी चौकोन दिसू लागतात. ज्याने शूटिंग केले त्याच्याकडून तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. तशी पाठवली की ती जशीच्या तशी येते, आणि २ जीबीपर्यंतची फाइल अशी पाठवता येते. त्याहून चांगले म्हणजे फोन केबलने संगणकाला जोडून फाइल थेट उतरवून घेणे.

पेनड्राइव्हवरून आणायची असेल आणि मोठी फाइल जागा असूनही कॉपी होत नसेल, तर पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे असे समजा. त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, मग आत ६० जीबी रिकामे असले तरी. एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला की अडचण जाते. फॉरमॅट केल्यावर आतले सगळे पुसले जाते, तेव्हा आधी ते दुसरीकडे ठेवा.

सगळ्या फाइली एका फोल्डरात ठेवा. फाइलींना आणि त्या फोल्डराला साधी रोमन अक्षरांतली नावे द्या आणि पुढे अनुक्रमांक घाला. आपल्याला देवनागरी नाव द्यावेसे वाटते, पण डीव्हीडी करणारी बरीच सॉफ्टवेअर जुन्या बांधणीची आहेत. देवनागरी नाव दिसले की त्यांतली काही मध्येच थांबतात, आणि पडद्यावर येणाऱ्या संदेशात कारण मात्र भलतेच दिसते.

फाइलच्या नावाच्या शेवटी एमपीफोर, एमओव्ही, एमकेव्ही किंवा एव्हीआय असते. ते डब्याचे नाव आहे. डब्यात काय भरले आहे ते त्यावरून कळत नाही. आतले चित्र कोणत्या पद्धतीने आवळले आहे, त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. फोनमध्ये बहुधा एच.२६४ असते, नव्या फोनमध्ये त्याहून घट्ट आवळणारे एच.२६५ असते. डीव्हीडीला यांतले काहीच चालत नाही, तिला एमपेग-२ लागते. म्हणून एकदा उलगडून पुन्हा आवळण्याचे काम, म्हणजे एन्कोडिंग, टाळता येत नाही. नुसते फाइलचे नाव बदलून काही होत नाही. दहा मिनिटांत डीव्हीडी करून देतो म्हणणारे सॉफ्टवेअर एन्कोडिंगच करत नसेल, तर ती डिस्क प्लेअरवर चालेल याची खात्री धरू नका.

नको असलेले भाग आधीच कापून टाका. कॅमेरा चालू राहून टिपलेली जमीन, मांडवातले रिकामे कोपरे, दोनदा आलेला तोच प्रसंग. हे कोणत्याही साध्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये होते, आणि वाचलेले प्रत्येक मिनिट पुढे चित्राच्या दर्जाला मिळते. ते कसे, हे पुढे येईल.

यानंतरची पायरी फार थोडे लोक करतात, आणि सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याचमुळे येतात. व्हिडिओ म्हणजे एकापाठोपाठ एक दाखवलेली स्थिर चित्रे. दर सेकंदाला किती चित्रे, याला फ्रेम रेट म्हणतात. फोन साधारण ३० चित्रे घेतो, पण हा आकडा तो कायम ठेवत नाही. उजेड कमी झाला की चित्रे कमी घेतो, उजेड वाढला की पुन्हा वाढवतो. डीव्हीडीत हा आकडा शेवटपर्यंत एकच असावा लागतो. फाइल तशीच दिली तर पहिली काही मिनिटे ठीक जातात आणि मग आवाज हळूहळू पुढे-मागे होऊ लागतो. मंगलाष्टके ऐकू येतात, पण गुरुजींचे ओठ मागे राहतात.

याचा उपाय हँडब्रेकमध्ये आहे. फाइल उघडा, व्हिडिओच्या पानावर जा, फ्रेम रेटचा आकडा निवडा आणि त्याखालचा ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय निवडा. कॉन्स्टंट म्हणजे न बदलणारा. दर्जाच्या पट्टीवर आरएफ असे लिहिलेले असते. तिथला आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी. १८ च्या आसपास ठेवला की या मधल्या फेरीत डोळ्यांना जाणवेल असे काही हरवत नाही. तयार झालेली फाइल दहा-पंधरा मिनिटांनंतरच्या ठिकाणी उघडून ओठ आणि आवाज जुळतात का ते बघा. जुळत असतील तर पुढे चला.

पण आकडा कोणता निवडायचा? इथे पाल आणि एनटीएससी हे दोन शब्द समजून घ्यावे लागतात. टीव्हीच्या या दोन जुन्या पद्धती. भारतात पाल आहे: चौकट ७२० बाय ५७६ ठिपक्यांची आणि सेकंदाला २५ चित्रे. अमेरिका आणि जपानमध्ये एनटीएससी: चौकट ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ चित्रे. भारतात आहोत म्हणून पाल, हे उत्तर सोपे आहे, आणि लग्नाच्या शूटिंगवाल्याने २५ चित्रांनी टिपलेल्या चित्रणासाठी ते बरोबरही आहे.

फोनच्या ३० चित्रांचे मात्र तसे नाही. ३० ची २५ करायची म्हणजे दर सहावे चित्र गाळायचे. शांत बसलेल्या माणसांत ते कळत नाही. कॅमेरा फिरला किंवा कुणी नाचले की हालचाल अडखळते. स्नेहसंमेलनातल्या लेझीमचे चित्रण असेल तर हे अडखळणे डोळ्यांना टोचते. अशा चित्रणासाठी मी एनटीएससीच सुचवीन. आपल्याकडे गेल्या बऱ्याच वर्षांत विकले गेलेले प्लेअर सहसा दोन्ही पद्धती चालवतात. प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘टीव्ही सिस्टिम’ असे पान असते. तिथे ‘ऑटो’ किंवा ‘मल्टी’ ठेवले की झाले. टीव्ही फारच जुना असेल आणि चित्र रंगहीन किंवा वरखाली सरकत दिसले, तर पालकडे परत या.

डिस्क अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी असेल तर तिथे निवड नाही, एनटीएससीच करा. तिकडचे बहुतेक प्लेअर पाल चालवत नाहीत. रीजन कोडची काळजी मात्र करू नका. ती सिनेमाच्या कंपन्यांनी घातलेली वेगळी अट आहे, पाल-एनटीएससीशी तिचा संबंध नाही, आणि घरी केलेल्या डिस्कवर ती नसते.

पुढच्या कार्यक्रमासाठी एक सूचना. आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय आहे. तो सुरू केला की २५ चित्रांनी टिपता येते. वेगळ्या कॅमेऱ्यांतही बहुधा पाल-एनटीएससी निवडता येते. डीव्हीडीच करायची हे आधी ठरले असेल, तर हे आधीच बदलून ठेवा.

जुन्या व्हिडिओ कॅसेट किंवा मिनीडीव्ही टेप संगणकावर घेतलेल्या असतील तर त्यांचा प्रकार निराळा. त्यांत प्रत्येक चित्र दोन भागांत विणलेले असते: एका भागात सम ओळी, दुसऱ्यात विषम. याला इंटरलेसिंग म्हणतात. संगणकावर पाहताना हलणाऱ्या हातांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात आणि माणूस त्या घालवायला जातो. घालवू नका. डीव्हीडी ही पद्धत जाणते आणि टीव्हीवर त्या रेघा दिसत नाहीत. लक्ष द्यायचे ते ओळींच्या क्रमाकडे. मिनीडीव्ही टेपमध्ये खालचा भाग आधी येतो आणि पुष्कळ सॉफ्टवेअर वरचा भाग आधी धरतात. क्रम उलटा झाला तर प्रत्येक हालचाल पुढे-मागे थरथरते. तसे दिसले तर ‘फील्ड ऑर्डर’ची निवड उलटी करून पुन्हा एन्कोड करा. या फाइली हँडब्रेकमधून नेण्याची गरज नाही.

आता डीव्हीडीस्टायलर उघडा. नवा प्रकल्प सुरू करताना ते काही प्रश्न विचारते. डिस्कचे नाव रोमन अक्षरांत द्या. क्षमता ४.७ जीबी निवडा. व्हिडिओ फॉरमॅटमध्ये पाल किंवा एनटीएससी, आपण वर ठरवले असेल ते. चौकटीचे प्रमाण १६ बाय ९ निवडा, कारण फोन आडवा धरून केलेले चित्रण त्याच प्रमाणाचे असते. जुन्या कॅसेटसाठी ४ बाय ३. मग डाव्या बाजूला आपला फोल्डर शोधून फाइली क्रमाने खालच्या पट्टीवर ओढून आणा.

खाली कोपऱ्यात डिस्क किती भरली ते दिसते. तिथे थांबा आणि एक साधे गणित समजून घ्या, कारण चित्र का फाटते याचे उत्तर त्यात आहे. दर सेकंदाच्या चित्रासाठी किती माहिती खर्च करायची, त्याला बिटरेट म्हणतात. डीव्हीडीवर चित्रासाठी तो जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट चालतो. डिस्कची जागा ठरलेली आहे, म्हणजे चित्रण जितके लांब तितका प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला येणारा हिस्सा लहान.

समजा आपले चित्रण ९५ मिनिटांचे आहे. म्हणजे ५,७०० सेकंद. डिस्कवर ४.७ अब्ज बाइट मावतात. एका बाइटमध्ये ८ बिट, म्हणजे ३७.६ अब्ज बिट. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ६.६ मेगाबिट येतात. थोडी जागा मोकळी सोडली आणि आवाजाचा वाटा काढला की चित्राला ६ उरतात. हा उत्तम आकडा आहे. दोन तासांना साधारण पावणेपाच येतात, तेही चांगले. तीन तासांना तीनच्या जरा वर. इथे गर्दी आणि अक्षता उडतानाचे चित्र चौकोनी होऊ लागते. चार तास एका डिस्कवर कोंबू नयेत. दोन डिस्क करा, एकीवर सकाळचे विधी आणि दुसरीवर संध्याकाळचा कार्यक्रम. पाहणाऱ्यालाही ते सोयीचे जाते.

उलटी चूकही होते. चित्रण अर्ध्या तासाचेच आहे म्हणून काही जण बिटरेट ९.८ वर नेतात. नियमात ते बसते, पण घरी लिहिलेली डिस्क इतक्या वेगाने वाचताना जुने प्लेअर अडखळतात आणि चित्र मध्येच गोठते. ८ च्या वर जाऊ नका. डीव्हीडीस्टायलरमध्ये बिटरेट ‘ऑटो’ ठेवला तर ते जागेनुसार आकडा स्वतः काढते. नवख्या माणसाने तोच ठेवावा आणि डिस्कमध्ये थोडी जागा मोकळी आहे ना एवढे पाहावे. ही मोकळी जागा वाया जात नाही. डिस्क आतल्या कड्याकडून बाहेर लिहिली जाते, आणि बाहेरची कड हाताळताना सगळ्यात जास्त खराब होते. काठोकाठ भरलेल्या डिस्कचा शेवटच अडकतो तो त्यामुळे.

डिस्कच्या पाकिटावर ४.७ लिहिलेले असते आणि संगणक ४.३७ दाखवतो. कंपनी हजारांनी मोजते, संगणक १,०२४ नी मोजतो, एवढाच फरक. तेव्हा ४.६ जीबी दिसणारा फोल्डर ‘४.७ च्या डिस्कवर’ मावत नाही.

आवाजाचे थोडक्यात. नमुना दर ४८ किलोहर्ट्झ हवा. संगीताच्या सीडीतला ४४.१ इथे चालत नाही, पण सॉफ्टवेअर तो बदलून देते. आवाजाचा प्रकार एसी-३ निवडा, बिटरेट १९२ किंवा २२४ ठेवा. एमपी-२ हा पर्यायही दिसेल. एनटीएससीच्या डिस्कवर तो घेऊ नका, कारण तिकडच्या प्लेअरना तो वाचण्याची सक्ती नाही आणि चित्र दिसून आवाज येत नाही असे होऊ शकते.

फोन उभा धरून केलेल्या चित्रणाला आडव्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते घालवायला चित्र ताणले तर माणसे रुंद दिसतात, आणि कापले तर डोकी जातात. प्रत्येक फाइलच्या गुणधर्मांत प्रमाण कायम ठेवण्याचा पर्याय असतो, त्याला टिकली करा आणि पट्टे राहू द्या. जुने, जाड काचेचे टीव्ही चारही कडांचा थोडा भाग झाकतात. तेव्हा नावांच्या पाट्या आणि मेनूतली बटणे कडेपासून आत ठेवा.

मेनू करायचाच असे नाही. मेनू न ठेवता डिस्क आत सरकवली की चित्रण आपोआप सुरू होईल अशी रचना वयस्कर माणसांसाठी सगळ्यात चांगली. मेनू हवाच असेल तर बटणे चार-पाचच ठेवा आणि अक्षरे मोठी ठेवा. एक भाग संपल्यावर पुढचा सुरू व्हावा की मेनू परत यावा, हे भागाच्या गुणधर्मांत ठरवून द्या. मेनूशिवाय पुढे-मागे जाता यावे म्हणून दर पाच मिनिटांना एक प्रकरण, म्हणजे चॅप्टर, टाका. रिमोटवरचे पुढे नेणारे बटण मग उपयोगी पडते. ते नसले तर तासभर चित्रण दाबून धरून पळवावे लागते.

मेनूवर देवनागरी मजकूर हवा असेल तर तो डीव्हीडीस्टायलरमध्ये टाइप करून लगेच पुढे जाऊ नका. अशा सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे सुटी होतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते, ‘श्री’ तीन तुकड्यांत दिसते. खात्रीचा मार्ग म्हणजे शीर्षक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र म्हणून तयार करणे. जिथे आपण मराठी नेहमी लिहिता तिथे सुंदर अक्षरांत नाव लिहा, चित्राची फाइल करून घ्या आणि ते मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावा. चित्रातले अक्षर मोडत नाही.

आता डिस्क तयार करण्याचे बटण. इथे तीन-चार पर्याय येतात, त्यातला थेट ‘बर्न’ निवडू नका. ‘आयएसओ इमेज’ निवडा. इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत. ती हार्ड डिस्कवर आधी केली की चूक निघाल्यास डिस्क वाया जात नाही, आणि पुढे दहा प्रती काढायच्या झाल्या तरी पुन्हा एन्कोडिंग करावे लागत नाही. एन्कोडिंगला वेळ लागतो. जुन्या लॅपटॉपवर चित्रणाच्या लांबीइतका किंवा त्याहून जास्तही. चार्जर लावून ठेवा आणि संगणक आपोआप झोपू नये अशी सेटिंग करा. तो झोपला की काम अर्धवट राहते.

तयार झालेली इमेज व्हीएलसीमध्ये उघडून पाहा. सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी ओठ-आवाज, माणसांची जाडी, मेनूची बटणे तपासा. विंडोज १० किंवा ११ वर आयएसओ फाइलवर दोनदा क्लिक केले की ती डिस्कसारखी उघडते. आत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर हवा आणि त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी असे शेवट असलेल्या फाइली हव्यात. व्हीओबीमध्ये चित्र आणि आवाज असतो, आयएफओमध्ये कोणता भाग कुठे आहे त्याची नोंद, आणि बीयूपी ही त्या नोंदीची राखीव प्रत. त्या फोल्डराऐवजी एमपीफोर फाइल दिसली, तर ती डीव्हीडी झालेलीच नाही.

इथेच तो ‘नो डिस्क’चा उलगडा होतो. कोरी डिस्क टाकली की विंडोज विचारते: ही यूएसबी पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी-डीव्हीडी प्लेअरबरोबर? माणूस स्वाभाविकपणे दुसरा पर्याय निवडतो, एमपीफोर फाइल आत टाकतो आणि समजतो की प्लेअरची डिस्क झाली. ती नुसती फाइलींची डिस्क होते. त्या पर्यायाने एन्कोडिंग होत नाही आणि व्हिडिओ टीएस फोल्डरही होत नाही. म्हणून तो चौकोन उघडला की काही न निवडता बंद करा.

डिस्क घेताना डीव्हीडी-आर घ्या, म्हणजे नावात वजा चिन्ह असलेली. अधिक चिन्हाची डीव्हीडी+आर बहुतेक ठिकाणी चालते, पण फार जुने प्लेअर वजाला जास्त सरावलेले. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवरून प्रकाश कमी परततो, त्यामुळे त्या जुन्या प्लेअरवर वाचल्या जात नाहीत. ८.५ जीबीच्या दोन थरांच्या डिस्क महाग असतात आणि अडकतातही. दोन साध्या डिस्क बऱ्या.

इमगबर्नमध्ये ‘राइट इमेज फाइल टू डिस्क’ हे पान उघडा, आपली आयएसओ फाइल निवडा. लिहिण्याचा वेग डिस्कवर १६ पट लिहिलेला असला तरी ४ किंवा ८ पट ठेवा. घाईने लिहिलेल्या खुणा फिकट उमटतात. संगणक त्या वाचतो, जुना प्लेअर नाही. ४ पट वेगाला सुमारे १५ मिनिटे लागतात, एवढा धीर धरावा. ‘व्हेरिफाय’ला टिकली ठेवा, म्हणजे लिहून झाल्यावर तेच सॉफ्टवेअर डिस्क वाचून मूळ फाइलशी ताडून पाहील. तेवढा वेळ संगणकावर दुसरे जड काम करू नका आणि राइटरला धक्का लावू नका.

वेगळ्या सॉफ्टवेअरने लिहीत असाल तर डिस्क ‘फायनलाइज’ होते ना ते पाहा. फायनलाइज म्हणजे डिस्क बंद करणे, यापुढे काही लिहायचे नाही अशी नोंद करणे. ‘नंतर आणखी फाइली टाकता याव्यात’ असा पर्याय चालू राहिला तर डिस्क उघडी राहते, आणि उघडी डिस्क प्लेअर ओळखत नाही. डिस्क बाहेर आली की खालची बाजू उजेडात तिरकी धरा. लिहिलेला भाग मधल्या कड्यापासून सुरू होऊन थोड्या गडद छटेचा दिसतो आणि बाहेर कोरी कड राहते. कड अगदी टोकापर्यंत गडद दिसली तर आपण डिस्क गच्च भरली आहे.

पाठवण्यापूर्वी ती एखाद्या खऱ्या प्लेअरवर लावून बघा. शेजाऱ्याकडे असेल तर त्याच्याकडे जा. व्हीएलसी चुकीची डिस्कही चालवून दाखवते, म्हणून त्यावर चालली एवढ्यावर भागत नाही. प्लेअरवर ‘नो डिस्क’ आले तर आधी विकतची एखादी डिस्क लावून पाहा. तीही चालली नाही तर प्लेअरच्या आतली लेन्स धुळीने माखली असेल. विकतची चालते आणि आपली नाही, तर फायनलाइज, डिस्कचा प्रकार आणि लिहिण्याचा वेग या क्रमाने तपासा. सुरुवात चालते आणि शेवट अडकतो, तर बाहेरच्या कडेचा दोष. थोडे कमी भरून दुसरी लिहा.

डिस्कवर नाव लिहायला सीडी-डीव्हीडीसाठीचा मऊ टोकाचा मार्कर वापरा. बॉलपेनने दाबून लिहिले तर वरचा थर दुखावतो. कागदी लेबल चिकटवू नका; वजन एका बाजूला जाते, डिस्क डळमळते आणि दमट हवेत लेबलाची कड सुटते. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात हे लवकर होते. डिस्क प्लॅस्टिकच्या डबीत, उभी, उन्हापासून दूर ठेवा.

आणि डिस्क झाली म्हणून फोनमधली फाइल पुसू नका. फोनच्या फुल एचडी चित्रात १९२० बाय १०८० ठिपके असतात; पालच्या डीव्हीडीत त्याच्या बरोबर एक पंचमांश उरतात, आणि गेलेले ठिपके डिस्कवरून परत मिळवता येत नाहीत. मूळ फाइली आणि तयार केलेली आयएसओ, दोन्ही दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करून ठेवा, आणि मगच फोन रिकामा करा.